दम पुरेल एवढं गाऱ्हाणं

बोलताना मला आता चार-पाच शब्दांपलीकडं जाता येत नाही. मध्ये थांबायचं, नाकातली नळी सारखी करायची, मग पुढचे चार शब्द. लिहिताना तसं होत नाही. वाक्य कितीही लांब गेलं तरी छातीला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. शाळा आठवीतच सुटली, तेव्हा काही वाकडंतिकडं आलं तर राग मानू नका.

मी इकडचा नव्हे. माझं गाव परभणीच्याही पलीकडं, काळ्या मातीचं. मालवणच्या बाजूला आलो तो चिरेखाणीवर कामाला. चिरा म्हणजे इकडचा लाल जांभा दगड. जमिनीतच मशीननं त्याचे चौकोन कापतात आणि त्याचीच घरं बांधतात. मशीन फिरलं की लाल धूळ उठते. तोंडाला टॉवेल बांधून त्या मशीनमागं मी उमेदीची सगळी वर्षं काढली. संध्याकाळी टॉवेल झटकला की वाटायचं, झालं, धूळ गेली. आत किती राहिली ते कळायला फार काळ गेला.

जड दुखणं असलं की इकडची माणसं गोव्याला नेतात, तसं मलाही नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि सांगितलं, फुप्फुसं कडक होत चालली आहेत, आणि हे मागं फिरणारं दुखणं नाही. औषधानं थोडं हळू होईल, थांबणार नाही. ऑक्सिजनचं मशीन घरी ठेवा. मग जरा घुटमळून म्हणाल्या, "आता जे आवडतं ते करा."

परत येताना बसमध्ये मला मरणापेक्षा त्या वाक्यानंच जास्त छळलं. मला काय आवडतं? खाणीवर हा प्रश्न येत नाही. जेवायचं, झोपायचं, मशीन चालू करायचं. आवड म्हणजे चहात साखर किती, एवढीच. मी माझ्याच आयुष्यात इतकी वर्षं राहिलो आणि मला हे एवढंसं सांगता येऊ नये, याचं फार वाईट वाटलं. ते अजून गेलेलं नाही.

मी राहतो ते एका घराच्या मांगरात. मांगर म्हणजे बागेतली गवत-लाकडं ठेवायची खोली. घरात दोघंच, आबा आणि काकी. मुलगे मुंबईला नोकरीत. खाण बंद पडली, दुसरी सुरू झाली, मालक बदलले, पण मी त्या मांगरातून हललो नाही. तरी इतक्या वर्षांत माझं त्यांच्याशी बोलणं असं नव्हतंच. खाली मान घालून जायचो, खाली मान घालून यायचो. वाटायचं, आपण चार दिवसांचे, उगाच कशाला कुणाच्या मध्ये पडायचं.

गोव्याहून आलो त्या दिवशी काकी मागीलदारी विळीवर मासे कापत बसली होती. मी म्हटलं, "काकी, मी जातो आता गावाकडं. तुमच्या जागेत काही बरंवाईट झालं तर तुम्हाला त्रास."

तिनं वर बघितलंसुद्धा नाही. "खंय जातलंस? थंय कोण बसला हा तुझी वाट बघीत?"

"तरीपण."

"तरीपण काय? मरूचा आसा तर हय मर. हयसर दोन माणसा तरी रडतली."

आणि रात्रीच्या ताटात तिनं मला माशाचं डोकं वाढलं. इकडं ते घरच्या माणसाला देतात. एकीकडं डोळे भरलेले, दुसरीकडं ही धास्ती की हे फिटणार कसं, मशीनचं वीजबिल येईल तेव्हा त्यांना परवडेल का, लाईट गेली तर त्यांना रात्रीचं उठवावं लागेल का. माझा स्वभावच तसा. कुणी चांगलं वागलं की आधी भीती वाटते.

काकीचं खरं होतं. गावाकडं माझी वाट बघणारं कुणी नाही. बायको जाऊन काही वर्षं झाली. घर म्हणजे कुलूप लावलेली एक खोली. एक मुलगी आहे, ती नांदेडकडं दिली. मी इकडं आलो तेव्हा ती हातात पाटी धरायला लागली होती. वर्षातून एकदा दिवाळीला जायचो, तेव्हा ती आईच्या पदरामागून माझ्याकडं बघायची. चार दिवसांनी जरा जवळ यायची, तोवर माझी गाडी सुटायची वेळ व्हायची. मोठी झाल्यावर फोन आला, पण फोनवर आमचं बोलणं असं:

"बरं हाय का, बापू?"

"बरं हाय. तू?"

"बरंच हाय. पाऊस पडला का तिकडं?"

"पडला."

"ठेवू मग?"

"ठेव."

डॉक्टरीणबाईंच्या त्या वाक्यावर मी बरेच दिवस डोकं चालवलं आणि शेवटी एवढंच सापडलं. मला मुलीशी एकदा नीट बोलायचं होतं. दम आहे तोवर. बापानं मुलीला जे काही बोलायचं असतं ते. काय असतं ते मला ठाऊक नव्हतं, कारण मी ते कधी बोललोच नव्हतो. आणि आजाराचं तर तिला सांगितलंच नव्हतं. खोकला आहे, धुळीचा, एवढंच तिला माहीत.

आता गाऱ्हाण्याचं सांगतो. इकडची माणसं देवाकडं मनातल्या मनात मागत नाहीत. उभं राहून, मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत मागतात. एकजण बोलतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणतात. त्यालाच गाऱ्हाणं घालणं म्हणतात. पाठ केलेलं नसतं. सुरुवात-शेवट ठरलेला, मधलं ज्यानं त्यानं जुळवायचं. आमच्या वाडीत आबा घालायचे. त्यांचं एक वाक्य म्हणजे लांबच लांब पल्ला. बारा गावांचे देव, सात समुद्र, नजर, करणी, ईडापिडा सगळं एका दमात, आणि शेवटाला आवाज असा चढायचा की पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायची. मी लांब उभा राहून ऐकायचो. मला ते ऐकायला आवडायचं. हे "आवडायचं" मला आता लिहिताना सुचलं. तेव्हा सुचलं असतं तर बरं झालं असतं.

भात कापून झालं की जागेच्या राखणदाराला राखण देतात. राखणदार म्हणजे त्या जमिनीची राखण करणारा देव. बांधावर झाडाखाली त्याचा दगड असतो. नारळ, कोंबडा, आणि गाऱ्हाणं. मी गोव्याहून आलो त्या वर्षी राखणीच्या आदल्या दिवशी आबांचा घसा बसला. नुसती हवा निघत होती. राखणीला शेजारचे दोघं-तिघं बाप्ये बांधावर आले होते, त्यांना काकी म्हणाली, "तुमी कोणतरी म्हणा."

"आमका नाय बा येणा. आमका फकत व्हय म्हणूक येता."

"जन्मभर ताच केलास, बायलेक पण व्हयच म्हणतंस," काकी म्हणाली. सगळे हसले, पण पुढं कुणी होईना. आबांनी बांधाच्या कडेला बसल्या बसल्या हात वर केला आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

मी मागं सरलो. "आबा, मी घाटावरचा. मला काय येतंय?"

"देवाक घाट नि कोकण काय?" काकी म्हणाली. "ह्या जाग्यार ऱ्हवतंस, ह्या जाग्यावरचा खातंस. राखणदार तुका वळाखता. बोल."

मी उभा राहिलो. बाहेर पडताना लागणारा ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर शेजाऱ्यानं उचलून धरला होता. काय बोलावं सुचेना, आणि सुचलं तरी लांब बोलायला हवा नव्हती. म्हणून जे होतं ते सांगितलं.

"बा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"मी लांबचा."

"व्हय म्हाराजा!"

"तू इथं जागा दिलीस."

"व्हय म्हाराजा!"

"कोंबडा आणलाय. लहान आहे."

"ल्हान खंय?" काकी मागून ओरडली. "चांगलो पोसलेलो आसा!"

"काकी म्हणते, मोठा आहे. गोड मान."

"व्हय म्हाराजा!"

"आबांचा आवाज परत दे. मला हे काम जमत नाही."

सगळे "व्हय म्हाराजा" म्हणायचंही विसरले, इतके हसले. आबा हसताना आवाजच नसल्यामुळं नुसते हलत होते.

मांगरात येऊन पडलो तेव्हा ध्यानात आलं की मला दम लागला नव्हता. लागला होता, पण कुणाला कळला नव्हता. माझी हवा संपायची तिथं त्यांचा "व्हय म्हाराजा" सुरू व्हायचा, आणि तो संपेतोवर मी पुढच्या चार शब्दांची हवा घेऊन तयार. माझ्या दोन वाक्यांमधली जागा ती माणसं भरत होती. इतकी वर्षं लोकांच्यात राहून मला हे माहीत नव्हतं की बोलणं असंही होतं.

मग हळूहळू माणसं यायला लागली. आधी चेष्टेनं. "गाववाल्यानु, आमच्या होडयेच्या इंजिनाचा वायच देवाक सांगा. मेकॅनिकाक सांगून थकलंय." मी चेष्टा समजून सोडून दिलं असतं, पण त्या माणसाच्या तोंडाकडं बघितल्यावर वाटलं, हा चेष्टा करत नाही. मी त्याला विचारलं, इंजिन बंद पडतं तेव्हा होडी कुठं असते? घरी कोण थांबलेलं असतं? बंद पडलं की तू पहिल्यांदा काय म्हणतोस? तो लाजला, म्हणाला, "आवशीक हाक मारतंय." मग मी दोन दिवस पडल्या पडल्या ते जुळवलं. गाऱ्हाण्यात घातलं, "इंजिन बंद पडतं. हा आईला हाक मारतो. आई किनाऱ्यावर. तिला पोहता येत नाही. तूच जा." देवळासमोर हे म्हटलं तेव्हा त्याची आई तिथंच उभी होती. इंजिनाचं पुढं काय झालं ते सोडा, नवंच घ्यावं लागलं. पण आईनं मला सोलकढीचा तांब्या आणून दिला आणि दारातच रडली.

असं माकडांचं झालं. त्यांनी एका बाईची सगळी शहाळी पाडली होती. ती म्हणाली, "मारूक सांगू नको हां, फकत दुसऱ्यांच्या बागेत जावंदेत." मी म्हटलं, दुसऱ्याचं वाईट मी मागत नाही. तिनं विचार करून सांगितलं, "मगे, माकडा येवच्या आदी नवऱ्याक जाग येवंदे, असा घाल." एका पोरीच्या लग्नाचं झालं, एका म्हातारीच्या न दिसणाऱ्या डोळ्यांचं झालं. माझी एक रीत बसत गेली. आधी जे आहे ते तसंच सांगायचं, कमी नाही, जास्त नाही. मग एकच मागायचं. आणि जे मिळण्यासारखं नाही ते मागायचं नाही, देवाला अडचणीत कशाला टाकायचं.

आबांचा आवाज परत आला होता आणि त्यांना हे फारसं रुचत नव्हतं. एकदा म्हणाले, "ह्या गाऱ्हाणा काय पोस्टाची तार? 'कोंबडो पाठवलो, गोड मान, कळाव.' देवाक वायच बसूक तरी दी."

"आबा, हवा पुरत नाही."

"ता खरा," ते म्हणाले, आणि ओशाळून तंबाखू मळत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "पण ता आवशीचा बरा घातलंस. माझ्याच्यान झाला नसता."

हे मला फार मोठं होतं. मी लिहितो आहे त्यातून कुणाला वाटेल, आजारानं माणसाचं भलं झालं. तसं नाही. सकाळी उठून मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागते. आंघोळीला स्टूल लागतं. लाईट गेली की अंधारात सिलिंडर चाचपडावा लागतो. आणि सगळ्यात वाईट हे की शब्द सुचायला लागले ते हवा संपायला आल्यावर. खाणीवर असताना छाती भरून हवा होती, आवाज मशीनच्या वरताण निघायचा. तेव्हा त्या आवाजात मी काय बोललो? "पुढं घे." "मागं सर." "ब्लेड बदल." बस. बायकोच्या शेवटच्या दिवसांत तिच्या खाटेजवळ बसलो होतो, तेव्हाही मला एवढंच सुचलं, "पाणी देऊ का?" ती मला बघत राहिली. तिला काहीतरी ऐकायचं होतं आणि माझ्याकडं ते नव्हतं. आज असतं. आज मी तिच्यासाठी असं गाऱ्हाणं घातलं असतं की... पण ते असो.

माघात मुलीचा फोन आला. पहिलटकरीण आहे म्हणाली. तिला इतक्या लांब येता येणार नाही, आणि मी मशीन घेऊन नांदेडला जाणं शक्य नाही. मी म्हटलं, "बरं झालं." ती म्हणाली, "हं. ठेवू मग?" मी म्हटलं, "ठेव." इंजिनासाठी मला शब्द सुचले होते, माकडांसाठी सुचले होते. मुलीसाठी 'बरं झालं', एवढंच.

शिमग्यात वाडीनं ठरवलं की माझ्यासाठी गाऱ्हाणं घालायचं. मी नको म्हणत होतो, माझ्याच रीतीत ते बसत नव्हतं. मी आबांना सांगितलं, "बरं कर असं मागू नका. ते होणारं नाही. त्रास कमी कर, एवढंच मागा." आबा हो म्हणाले. पण त्यांच्या मनात माझं बोलणं एक आणि त्यांची जुनी सवय एक, अशी ओढाताण चालली असणार. दुपारी देवळासमोर सगळी वाडी जमली, मला खुर्चीवर बसवलं, ढोलवाला तयार. आबांनी सुरुवात केली. बारा गावांचे देव झाले, सात समुद्र झाले, प्रत्येक ठिकाणी "व्हय म्हाराजा!" आणि ढोलावर टिपरी. मग आबा म्हणाले,

"बा म्हाराजा, डॉक्टर म्हणतत, हो माणूस आता काय बरो होवचो नाय..."

आणि आवंढा गिळायला थांबले.

"व्हय म्हाराजा!!" सगळी वाडी गरजली. ढोलावर टिपरी पडली.

मग आपण कशाला व्हय म्हटलं ते ज्याच्या त्याच्या ध्यानात आलं. ढोलवाल्यानं टिपरी पाठीमागं लपवली.

"शिरा पडो तुमच्या तोंडार!" बायकांच्यातून काकीचा आवाज आला. "खंय व्हय म्हणुचा ता तरी कळता काय रे, मेल्यांनो?"

"काकी, आमी आबा थांबलो काय म्हणतव. आबा थांबलो, आमी म्हटला."

"माझा पुरा खंय झाल्ला?" आबा जवळजवळ रडकुंडीला आले होते. "पुढे 'असा म्हणतत, पण तू मोठो डॉक्टर' असा होता!"

आणि मला हसू फुटलं. मी या आजारात इतका हसलो नव्हतो. हसता हसता ठसका लागला, ओठ निळे पडले, चौघं धावले, कुणी पाठ चोळतोय, कुणी नळी धरतोय. मी हातानं सांगत होतो की काही नाही, काही नाही. मग आबांनी घाईघाईनं देवाला सांगितलं, "म्हाराजा, मगाशी जा काय बोललाव, ता मागे घेतलाव रे म्हाराजा!" आणि वाडी त्याहून मोठ्यानं "व्हय म्हाराजा!" मागून एकजण हळूच म्हणाला, "बघा, ह्या मात्र बरोबर म्हटलाव."

दुसऱ्या दिवशी आबा मांगरात आले. असे कधी यायचे नाहीत, दारातूनच बोलायचे. खाटेच्या कडेवर टेकले.

"तुका राग इलो?"

"नाही, आबा. खरं तेच म्हणाले सगळे."

"खरा आसला म्हणान काय मोठ्यान सांगतत?"

"तुम्हीच सांगता ना मोठ्यानं. देवाला."

त्यांनी तंबाखूची पुडी काढली, परत ठेवली. मग म्हणाले, "चेडवाक सांगलंस काय?"

चेडू म्हणजे मुलगी. मी मान हलवली, नाही.

"अख्ख्या वाडीक ठावक, देवाक ठावक. फकत चेडवाक ठावक नाय." उठताना त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तेवढाच.

तिला सांगायचं कसं, यात मला वैशाख उजाडला. तोवर बोलण्यातले शब्द आणखी घटले होते. बांधापर्यंत जाणं केव्हाच बंद झालं होतं. एका सकाळी, मशीन शेजारी गुरगुरतंय, काकी दारात आमसुलं वाळत घालतेय, मी फोन लावला.

"बरं हाय का, बापू?"

"ऐक," मी म्हटलं. "इकडं एक पद्धत आहे. देवाला सांगायची. तुझ्यासाठी सांगतोय. तू ऐक फक्त."

"बरं."

"बा म्हाराजा," मी म्हटलं, आणि हवेसाठी थांबलो. तिकडं शांत. तिला काय ठाऊक की इथं काही म्हणायचं असतं. ती रिकामी जागा मला एवढी मोठी वाटली की पुढचं विसरलो. दारातून काकी पुटपुटली, "व्हय म्हाराजा," पण तिचं म्हणणं वेगळं, मला तिकडून काही हवं होतं.

"माझी एक मुलगी आहे," मी म्हटलं आणि थांबलो.

"हं," ती म्हणाली.

आमच्याकडं गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. तिची आई तिला झोपवताना गोष्ट सांगायची, मला माहीत आहे. मी कधी सांगितली नव्हती.

"पाटी धरायची, तेव्हा सोडून आलो."

"हं."

"तिच्याशी बोललो नाही. येत नव्हतं."

"हं."

"आता मी आजारी आहे."

"हं."

"बरा होणार नाही."

हुंकार आला नाही. मी वाट बघितली. मशीनचाच आवाज. मग तिकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, गॅस बंद केल्याचा आला, पाट का खुर्ची ओढल्याचा आला.

"बापू," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पूर्वी कधी ऐकला नव्हता तसा होता. "म्हणा पुढं. मी बसले."

पुढचं मला जमलं नाही. मुख्य मागणं राहिलं होतं, तिच्या बाळंतपणाचं, लेकराचं, सगळंच, आणि हवा संपली. काकी आत आली, तिनं फोन कानाला लावून सांगितलं, "बाय, तो दमलो. उद्या परत कर." एवढं शुद्ध बोलायचा प्रयत्न तिनं कधी कुणासाठी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलीनं स्वतः फोन केला. त्याआधी महिन्यातून एकदा, तोही बहुतेक मीच लावायचा. तेव्हापासून रोज येतो. ती आजाराचं सगळं खोदून विचारते, रागावते, एकदा फोन आपटला, पुन्हा लावला. कधी नुसती रडते आणि मी "हं" म्हणतो. मग म्हणते, म्हणा आता. मी एक वाक्य म्हणतो. कधी दोन. गाऱ्हाणं अजून संपलेलं नाही. ते मला पंधरा वर्षांपूर्वी सुरू करता आलं असतं, तर एका दिवाळीत, एका दमात, अंगणात तिला समोर बसवून पुरं झालं असतं, आणि आईनंही ऐकलं असतं. तेव्हा हवा फुकटची होती आणि ती मी खाणीत सोडून आलो. हे रोज फोन ठेवल्यावर येतं आणि जात नाही. आनंद होतो का? होतो. पण त्याला लागूनच हे येतं.

काल वाक्य म्हणून झालं, तर ती म्हणाली, "बापू, उद्या सासूबाईंच्या गुडघ्यांचं पण घाला एक. त्यांनी ऐकलंय मागून. म्हणतात, माझं पण सांगा म्हणावं."

मी बरं म्हटलं. सकाळपासून खाटेवर पडून तेच जुळवतोय. काही जुळेना. त्या बाई कोण, कुठल्या, गुडघे कशानं दुखावले, शेतात की घरात, दुखायला लागले की कुणाला हाक मारतात, मला काही म्हणजे काही माहीत नाही. मुलगी दिली त्या घराबद्दल मी कधी विचारलंच नव्हतं. फोन यायची वेळ झाली आहे. आज आधी विचारणार आहे.